समुद्र बघायचाय? मग एसटी पकडा!

सुट्ट्या जवळ आल्या की आपल्या इंदूरची तरुण मंडळी मला हमखास विचारतात, "ताई, अवंतिकाने मुंबई, तिथून रत्नागिरी, इथपर्यंत ठरलंय. पुढे रोज एकेक ठिकाण रेल्वेने बघू की बसने?"

कोकण रेल्वे म्हटलं की खिडकीतून लाटा दिसतील, असं आपल्याला वाटतं. पण 1998 साली पूर्ण सुरू झालेली ही रेल्वे बहुतेक ठिकाणी किनारा सोडून आतून, डोंगरांतून धावते.

म्हणून रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला एसटीच बरी. आरे-वारेमार्गे जाणारी गाडी विचारून घ्या. अंतर साधारण 25 किमी आणि समुद्र अगदी शेजारी.

मालवणला मात्र दोन्ही लागतात. रेल्वेने कुडाळ, पुढे सुमारे 30 किमी बस. रत्नागिरी सोडल्यावर पानवल नदीवरचा 64 मीटर उंच पूल येतो, तेव्हा मुलांना खिडकीशी बसवा. सिंधुदुर्ग किल्ला बघून त्याच दिवशी परतायचा हट्ट नको, रात्री मालवणातच राहा. पावसाळ्यात तर रेल्वे सावकाश चालते आणि किल्ल्याच्या होड्या बंद असतात.

आईला घेऊन फिरताना माझा एक नियम असतो. बसमधून उतरलं की आधी परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ विचारायची, मग देवदर्शन आणि समुद्र. आजी-आजोबा बरोबर असतील, तर त्या शेवटच्या गाडीच्या आधीचीच पकडा. ती चुकली, तरी हाताशी एक उरते.