झिजायचं कोणी?

गाडीच्या इंजिनातला कुठलाही भाग बदलायचा म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सगळ्यात मजबूत कुठला?" पिस्टन असो, क्लचप्लेट असो, नाहीतर वाडीतल्या विहिरीवरचा पंप असो. डिस्ट्रिब्युटरच्या गिअरबाबत मात्र हा प्रश्न विचारून गिअर घेतला तर पैसे जातातच, वर कॅमशाफ्टही जातो, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे आत्ता लिहायचं कारण म्हणजे आमचा मिशिगनचा भाचा. भावोजींनी १९७७ साली तिकडे एक सेकंडहँड शेव्हरले कॅमॅरो घेतली होती, १९७२ ची, ३५० घनइंचाच्या व्ही-८ इंजिनाची. भावोजी गेले, गाडी गॅरेजमध्ये राहिली. आता भाच्याने ते इंजिन उघडलंय. ब्लॉक अजून मूळचा, त्यामुळे ताईचा जीव त्यात अडकलेला. त्याने जुना बिडाचा कॅम काढून नवा रोलर कॅम टाकलाय, ताकद वाढावी म्हणून. आणि मग फोन: "मामा, गिअर कुठला घेऊ? एक जण म्हणतो ब्राँझ, दुसरा म्हणतो स्टील, तिसरा म्हणतो जुनाच ठेव." मी वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत गिअर कापण्यात उमर घालवली, म्हणून हा मान माझा!

ज्यांना डिस्ट्रिब्युटर माहीतच नाही (म्हणजे आमची निम्मी भाचरं) त्यांच्यासाठी थोडक्यात. आपले गॅरेजवाले ज्याला डेल्को म्हणायचे तोच हा. कुठल्या प्लगला कधी ठिणगी द्यायची ते हा फिरून फिरून ठरवतो. पद्मिनीतही तो कॅमशाफ्टवरूनच फिरायचा. आता ना पद्मिनी टॅक्सी राहिली (३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत ती बंद), ना नव्या गाड्यांत डेल्को. शेव्हरलेच्या १९५५ पासूनच्या या स्मॉल ब्लॉक इंजिनात डिस्ट्रिब्युटर मागच्या बाजूला उभा बसतो. त्याच्या खालच्या टोकाला तेरा दात्यांचा गिअर असतो आणि तो कॅमशाफ्टवरच कापलेल्या दात्यांत अडकतो.

आता गंमत बघा. डिस्ट्रिब्युटर फिरवायला जोर जवळजवळ लागतच नाही, दोन बोटांनी फिरतो. मग गिअर झिजतो कशाने? तर त्याच डिस्ट्रिब्युटरच्या बुडाला एक दांडी लागते आणि ती खालचा ऑइल पंप फिरवते. सगळा भार पंपाचा. म्हणजे ज्या गिअरकडे आपण ठिणगीचा म्हणून बघतो तो खरं तर इंजिनाला तेल पाजणारा गिअर आहे. हे ध्यानात आलं की निवडीतला निम्मा गोंधळ संपतो.

उरलेला निम्मा दात्यांचा. इथे दोन आस एकमेकांना काटकोनात आहेत. साध्या गिअरमध्ये दाता दात्यावर बराचसा लोळतो, इथे तो घसरतो, आणि तोही एवढ्याशा ठिपक्यावर. एकसारख्या स्टीलवर स्टील असं घासलं की ते एकमेकांना ओरबाडतं. आमच्या शॉपमध्ये नवख्या पोरालाही ठाऊक असायचं की वर्म गिअरबॉक्समध्ये वर्म स्टीलचा आणि चाक ब्राँझचं. दोन्ही स्टीलचे करून "मजबूत" बनवायला कुणी जात नसे. लहानपणी वाडीत रहाट होते तेव्हा त्यांचे लाकडी दाते मोडायचे, सुतार यायचा, नवा दाता ठोकून जायचा, आस मात्र वर्षानुवर्षं तोच. झिजायचं कोणी हे बनवतानाच ठरलेलं असायचं.

भाच्याच्या इंजिनात हे ठरवायचं तर आधी कॅम कशाचा आहे ते कळलं पाहिजे. जुना, साध्या टॅपेटचा कॅम बिडाचा असतो, त्यावर बिडाचा गिअर छान जमतो. कंपनीने दिलेली जोडी तीच होती. रोलर कॅम बहुतेक वेळा स्टीलच्या सळईतून कापलेला, कडक केलेला असतो. त्यावर बिडाचा जुना गिअर ठेवला तर काही दिवसांत त्याचे दाते सुरीसारखे होतात. म्हणून "जुनाच ठेव" म्हणणारा तिसरा सल्लागार मी आधीच बाद केला. पण थांबा, काही कॅम बनवणारे स्टीलच्या कॅमवर मागे बिडाचा वेगळा गिअर दाबून बसवतात, काही खास उष्णता देऊन तयार केलेलं बीडच वापरतात. अशा कॅमला बिडाचाच गिअर लागतो. म्हणजे "रोलर आहे" एवढं सांगून दुकानात जाण्यात अर्थ नाही. कॅमसोबत जो कागद येतो तो वाचा, नाहीतर बनवणाऱ्याला फोन करून विचारा. फोनला पैसे पडत नाहीत.

आता ब्राँझ. रेसवाल्यांचा तो लाडका, आणि त्यांचं बरोबरच आहे. ब्राँझ मऊ, कुठल्याही कॅमला इजा करत नाही, स्वतः झिजतो. पण रेसवाला इंजिन सारखं उघडतो, गिअर बघतो, वापरला की फेकतो. रस्त्यावरच्या गाडीत तोच गिअर न बघता वर्षभर फिरला तर झिजलेलं ब्राँझ तेलात जातं, टायमिंग मागे सरकत राहतं आणि एके दिवशी दाते संपतात. ठिणगी आणि तेल दोन्ही एकदम बंद. माझा भाचा महिन्यातून एका रविवारी गाडीखाली जातो. तो दर काही महिन्यांनी डिस्ट्रिब्युटर उपसून दाते बघणार आहे, यावर ताईचाही विश्वास नाही.

म्हणून माझं मत दुसऱ्या सल्लागाराकडे झुकतं, पण अर्ध्यावर. स्टील हो, साधं स्टील नाही. वितळलेल्या क्षारांत बुडवून ज्याच्या पृष्ठभागात नायट्रोजन आणि कार्बन मुरवलेत असा गिअर, त्याला तिकडे मेलोनाइज्ड म्हणतात. जनरल मोटर्सनेच १९८७ पासून रोलर कॅमच्या इंजिनात अशीच जोडी वापरली. प्लास्टिकसारख्या कंपोझिटचेही गिअर मिळतात, ते सगळ्या कॅमवर चालतात, पण किंमत ऐकून मी गप्प बसलो.

आणि एक आगाऊ सल्ला, न विचारता दिलेला. ताकद वाढवायची म्हणून लोक हाय-व्हॉल्यूम ऑइल पंप आणि दाट तेल घालतात. मिशिगनच्या थंडीत सकाळी दाट तेल म्हणजे काकवी. तो सगळा जोर त्या तेरा दात्यांवर. रस्त्यावरच्या गाडीला कंपनीचा पंप पुष्कळ झाला. गिअर वाचवायचा सगळ्यात स्वस्त उपाय हाच, पण त्यात मिरवण्यासारखं काही नाही, म्हणून कुणी सांगत नाही.

असो. कॅमच्या कागदाचा फोटो काल आला. अख्खा स्टीलचा आहे, दाबून बसवलेला गिअर नाही. तेव्हा मेलोनाइज्डच. मागवण्याआधी डिस्ट्रिब्युटरची दांडी मोजायला लावली, कारण कंपनीची १२.४७ मिलिमीटरची असते आणि बाहेरच्या बऱ्याच डिस्ट्रिब्युटरांची १२.७०. पाव मिलिमीटरसुद्धा फरक नाही, पण चुकीचा गिअर एकतर बसणार नाही, नाहीतर डुगडुगेल. गिअरवर एक छोटा खड्डा असतो, तो रोटरच्या टोकाच्या दिशेला ठेव, असंही सांगितलंय. दाते तेरा, म्हणजे विषम. गिअर उलटा फिरवून पिन ठोकली तर अर्ध्या दात्याचा फरक पडतो आणि मग टायमिंग शोधत बसावं लागतं. पहिल्या तीनचारशे मैलांनंतर डिस्ट्रिब्युटर एकदा वर काढायचा आणि दात्यांचा फोटो मला पाठवायचा. घासल्याची खूण दात्याच्या मधोमध हवी. कडेला दिसली तर गिअर दांडीवर किती खाली बसलाय ते पुन्हा मोजावं लागेल. ताई, तो फोटो आला नाही तर तू आठवण कर.