व्यवहार आणि कायदा : खोटी फिर्याद

मालाची तूट निघाली, जुना नोकर अचानक काम सोडून गेला वा उधारी थकली की व्यापाऱ्याला पोलीस ठाणे आठवते. गुन्हा खरोखर घडला असेल तर ते योग्यच. परंतु दडपण आणण्यासाठी वा राग काढण्यासाठी, खोटे आहे हे ठाऊक असूनही दिलेली फिर्याद हाच एक अपराध ठरतो.

घाटकोपरच्या एखाद्या कापड दुकानाची कल्पना करावी. ऐंशी हजारांचा माल कमी भरतो आणि त्याच आठवड्यात एक विक्रेता शेजारच्या पेढीत रुजू होतो. ‘माझा त्याच्यावर संशय आहे’ असे मालकाने लिहिले तर ते प्रामाणिक निवेदन होय. ‘मी त्याला माल नेताना पाहिले’ असे न पाहताच लिहिले, तर एका वाक्याने सारे पालटते. पुढे तो गठ्ठा भिवंडीच्या गोदामात सापडतो. तोवर विक्रेत्याची नवी नोकरी गेलेली असते आणि त्याच्या मुलांना चाळीत मान खाली घालावी लागलेली असते.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम २१७ नुसार, दुसऱ्यास त्रास व्हावा म्हणून लोकसेवकास जाणूनबुजून खोटी माहिती देणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावास, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. जुन्या कलम १८२ मध्ये ही मर्यादा सहा महिने व एक हजार रुपये होती. इजा पोहोचविण्याच्या हेतूने गुन्ह्याचा खोटा आरोप केल्यास कलम २४८ नुसार पाच वर्षांपर्यंत कारावास, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आरोपित गुन्हा मृत्युदंड, जन्मठेप वा दहा वर्षे किंवा अधिक शिक्षेचा असून त्यावर फौजदारी कार्यवाही सुरू झाली असेल, तर दहा वर्षांपर्यंत कारावास व दंड. मात्र कलम २१७ खालील खटल्यासाठी संबंधित अधिकाऱ्याची वा त्याच्या वरिष्ठाची लेखी तक्रार आवश्यक असते.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. सिद्ध न झालेली फिर्याद म्हणजे खोटी फिर्याद नव्हे. महाराष्ट्रात तपासाअंती पोलीस तीन प्रकारच्या समरी देतात : गुन्हा खरा, पण छडा लागला नाही, तर ‘ए’, फिर्याद द्वेषबुद्धीने खोटी, तर ‘बी’, गैरसमज वा दिवाणी स्वरूपाचा वाद, तर ‘सी’. त्यावर अंतिम शब्द न्यायालयाचा. अभिनेत्री तनुश्री दत्ता यांनी २०१८ मध्ये नाना पाटेकर यांच्याविरुद्ध ओशिवरा पोलीस ठाण्यात दिलेल्या फिर्यादीत पोलिसांनी २०१९ मध्ये ‘बी’ समरी दाखल केली. २०२५ मध्ये अंधेरीच्या न्यायालयाने मुदत उलटल्याच्या कारणावरून दखल घेण्यास नकार दिला. आरोप खरा की खोटा, हा निर्णय त्यात नव्हता. तेव्हा खऱ्या पीडिताने या कलमांना घाबरून गप्प बसू नये.

थकलेल्या येण्याचा मार्ग वेगळा आहे. धनादेश न वटल्यास बँकेकडून सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस देऊन परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ चा आधार घेता येतो. अन्यथा दिवाणी दावा आहेच. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या ललिता कुमारी निकालात व्यापारी स्वरूपाच्या तक्रारींत गुन्हा नोंदविण्यापूर्वी प्राथमिक चौकशीस वाव ठेवला आहे, तो याच कारणाने.

फिर्याद लिहिताना पाहिलेले ‘पाहिले’, ऐकलेले ‘ऐकले’ आणि वाटलेले ‘संशय’ असेच लिहावे. सही करण्यापूर्वी ती पूर्ण वाचावी, प्रत मागून घ्यावी. चूक उमगताच ती लेखी कळवावी. त्याने प्रामाणिक चूक आणि द्वेष यांतील अंतर स्पष्ट होते.

अठरा पापस्थानकांत तेरावे स्थान अभ्याख्यानाचे, म्हणजे खोटा आळ घेण्याचे. प्रतिक्रमणात ज्याची क्षमा मागायची, ते ठाण्याच्या कागदावर लिहू नये.