रिकाम्या खुर्चीचे आरक्षण

सरकारी तिजोरीत खडखडाट झाला की कात्री आधी कुठे चालते, हे उर्दू शाळेत शिकवणाऱ्याला कुणी सांगावे लागत नाही. २००० साली शिक्षणसेवक योजना आली आणि महिना तीन हजारांत प्राथमिक शिक्षक राबवण्याची सोय झाली. २ मे २०१२ ला भरतीवर बंदी आली, ४ मे २०२० ला कोरोनाच्या नावाने पुन्हा आली. या बंद्या सगळ्यांनाच होत्या, मान्य. पण आमच्याकडे आणखी एक बंदी बारमाही चालते, आणि तिला नाव दिले आहे समतेचे!

जरा समजून घ्या. राज्याच्या २००१ च्या आरक्षण कायद्यात अनुसूचित जातींना १३ आणि जमातींना ७ टक्के जागा आहेत. बिंदूनामावली माध्यमनिहाय, म्हणून जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळांतही त्या राखीव. आता उर्दूतून शिकलेला अनुसूचित जातीचा उमेदवार आणायचा कुठून? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे मुसलमान त्या यादीत बसतच नाही, आणि जो बसतो तो सहसा उर्दू शाळेत जात नाही. जमातीला धर्माची अट नाही, पण जळगावकडचे तडवी सोडले तर मुस्लिम आदिवासी आहेत किती? जाहिरात निघते, अर्ज येत नाही, जागा रिकामी. पुढच्या वेळी पुन्हा तेच.

यावर आमच्यातले काही शहाणे आरक्षणालाच शिव्या घालतात. त्यांना हात जोडून सांगते, मोमीन, बागवान, पिंजारी यांच्या घरांत ज्या नोकऱ्या आल्या त्या ओबीसीच्या दाखल्यावर, याच कायद्याने आल्या. दलित भावाने तुमची जागा घेतलेली नाही. त्याला तरी ती कुठे मिळाली? त्याला नोकरी नाही, आमच्या पोरांना मास्तर नाही, एकच बाई दोन वर्ग सांभाळते आहे. वाचला तो फक्त पगार. तो कुणाचा वाचला, हे विचारायला कुणी उठत नाही.

उपाय अवघड नाही. उर्दूत न भरणारे राखीव बिंदू त्याच जिल्हा परिषदेच्या मराठी शाळांच्या भरतीत वळवा. दलित-आदिवासी उमेदवाराला तिथे तेवढ्या जागा जास्त द्या आणि उर्दूतल्या तेवढ्याच जागा खुल्या व ओबीसी उमेदवारांतून भरा. जिल्ह्याचा टक्का तसाच राहील. खर्च वाढेल? वाढेल, मंजूर पदाचा पगार द्यावा लागतो तेवढाच. मंजूर पद रिकामे ठेवून शिल्लक दाखवणे याला मी काटकसर म्हणत नाही.

पण पुढाकार घ्यायचा कुणी? शिक्षणाधिकाऱ्यांनी निदान प्रवर्गनिहाय रिक्त पदांचा तक्ता दरवर्षी दाराबाहेर लावावा, त्याला निधी लागत नाही. आमच्या संघटनांच्या निवेदनांत पेन्शन पहिल्या ओळीत असते, रिक्त बिंदू शेवटच्या पानावर. आणि अल्पसंख्याक संस्था? त्यांना तर हे आरक्षण लागूच नाही. तिथे कोणती अडचण आहे? फकीर किंवा पिंजारी घरातली मुलगी मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत किती ठिकाणी दिसते, संस्थाचालकांनी बोटांवर मोजून सांगावे. (दोन्ही हात लागणार नाहीत, असा माझा अंदाज.)

पुढची जाहिरात निघण्याआधी बिंदू वळवण्याचे निवेदन जिल्हा परिषदेत गेले पाहिजे. त्यावर मागासवर्गीय शिक्षक संघटनेची सही आमच्या सहीच्या वर हवी. ती मागायला त्यांच्या कार्यालयाची पायरी आम्हीच चढायची आहे.