जनरेटर सुरू होताच यूपीएस का कुरकुरतो? केव्हीए नाही, विजेची ‘लाट’ तपासा!

वीज गेली, सोसायटीचा जनरेटर सुरू झाला. मीटरवर २३० व्होल्ट दिसतात. तरीही यूपीएस बॅटरी सोडत नाही. असे का होते? अनेकदा व्होल्टेज पुरेसे असते, पण त्याची लाट वेडीवाकडी झालेली असते.

हार्मोनिक्स म्हणजे काय?

आपली वीज म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनांची गुळगुळीत लाट. एलईडी दिवे, संगणक, लिफ्टचे ड्राइव्ह मात्र तिच्यातून प्रवाह झटक्याझटक्याने ओढतात. त्यामुळे मूळ लाटेवर १५०, २५०, ३५० हर्ट्झच्या लहान लाटा चढतात. याच हार्मोनिक्स. त्यांनी न्यूट्रल वायर आणि मोटारी तापतात.

जनरेटरवर त्रास का वाढतो?

हार्मोनिक प्रवाहाच्या वाटेत अडथळा जितका मोठा, तितके व्होल्टेज जास्त बिघडते. वितरण ट्रान्सफॉर्मरचा हा अडथळा साधारण ४ ते ५ टक्के असतो. तेवढ्याच क्षमतेच्या सिंक्रोनस जनरेटरचा ‘सबट्रान्झियंट रिअॅक्टन्स’ १० ते २० टक्के असू शकतो. म्हणजे दिवे तेच, लिफ्ट तीच, पण व्होल्टेजची विकृती दुप्पट किंवा त्याहूनही जास्त.

जनरेटर मुळात वाईट नाही. साखर कारखान्यांच्या सहवीज प्रकल्पांप्रमाणे तो ग्रिडला समांतर चालतो, तेव्हा हार्मोनिक प्रवाहाला आणखी एक वाट मिळते आणि व्होल्टेज सावरायला मदतच होते. खरी परीक्षा तो एकटा पडल्यावर होते.

खरेदीआधी काय विचाराल?

● सबट्रान्झियंट रिअॅक्टन्स किती? कमी असलेला बरा.
● वाइंडिंग दोन-तृतीयांश पिचचे आहे का? त्यामुळे जनरेटर स्वतः तिसरा हार्मोनिक जवळजवळ तयार करत नाही.
● कपॅसिटर बँक जनरेटरवर आपोआप बंद होते का? नाहीतर रेझोनन्सने एखादा हार्मोनिक कित्येक पट फुगू शकतो.

मोजणी कधी हवी?

‘आयईईई ५१९’ मानकानुसार १ किलोव्होल्टपर्यंतच्या जोडणीत व्होल्टेजची एकूण हार्मोनिक विकृती ८ टक्क्यांच्या आत हवी. पण केवळ ग्रिडवर मोजणी करून ‘सगळे ठीक’ म्हणणे म्हणजे उन्हाळ्यात छताची गळती तपासण्यासारखे आहे. सोसायटीत यूपीएस आणि लिफ्टचे कार्ड पणाला लागते, रुग्णालयात व्हेंटिलेटर. म्हणून जनरेटरवर, पूर्ण भारासह केलेल्या मोजणीचा अहवाल हाती आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊच नये.