आल्सेस-लॉरेन मागितलेच नसते तर

यंदाच्या अंकासाठी लेखकांना आम्ही एकच प्रश्न दिला होता: इतिहासातला एखादा तह वेगळा झाला असता तर? जर-तरचा नाद मराठी माणसाला नवा नाही. पानिपतावर विश्वासराव वाचले असते तर, या विचाराभोवती आपल्या पिढ्या घुटमळल्या. जयंत नारळीकरांनी त्यावर ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा लिहिली. पण आपला सगळा जर-तर रणांगणापाशीच थांबतो. लढाई संपल्यावर जिंकणाऱ्याने काय मागावे आणि काय सोडून द्यावे, याचा विचार आपण फारसा करत नाही. माझ्या मते इतिहासाला खरे फाटे तिथेच फुटतात. म्हणून या पानासाठी मी १८७१ चा फ्रान्स-जर्मनी तह घेतला आहे.

त्याआधी पाच वर्षे मागे जायला हवे. ३ जुलै १८६६ रोजी केनिगग्रेट्झला प्रशियाने ऑस्ट्रियाचा पुरता पराभव केला. व्हिएन्नाची वाट मोकळी झाली. राजा विल्हेल्म आणि त्याचे सेनापती हट्टाला पेटले की राजधानीपर्यंत जायचे आणि मुलूख तोडून घ्यायचा. आडवा आला तो प्रशियाचा पंतप्रधान बिस्मार्क. ऑस्ट्रियाची उद्या गरज पडणार आहे, त्याला जखम करून सोडू नका, असे त्याचे म्हणणे. निकोल्सबुर्गच्या वाड्यात राजाशी त्याची अशी खडाजंगी झाली की खोलीत परतल्यावर चार मजले उंच खिडकीतून स्वतःला झोकून द्यावे असे त्याच्या मनात आले. हे त्याने स्वतःच आठवणींत लिहून ठेवले आहे. तेवढ्यात खांद्यावर हात पडला. मागे युवराज उभा होता. या युद्धालाच विरोध असलेल्या युवराजाने वडिलांची समजूत काढली आणि राजाने नाइलाजाने होकार दिला. हॅनोव्हरसारखी ऑस्ट्रियाच्या बाजूची जर्मन राज्ये प्रशियाने गिळली हे खरे, पण ऑस्ट्रियाच्या स्वतःच्या मुलखाला हात लावला नाही. चार वर्षांनी फ्रान्सशी युद्ध जुंपले तेव्हा ऑस्ट्रिया तटस्थ राहिला. १८७९ मध्ये तर दोन्ही मित्रराष्ट्रे झाली.

हाच बिस्मार्क १८७१ मध्ये वेगळा वागला. १० मेच्या फ्रँकफुर्ट तहाने फ्रान्सवर पाच अब्ज फ्रँकची भरपाई बसली, शिवाय आल्सेस आणि लॉरेनचा काही भाग गेला. पैशांचे ओझे फ्रान्सने लवकर उतरवले. सरकारने कर्ज काढले, लोकांनी मागणीच्या कित्येक पट रक्कम देऊ केली, आणि सप्टेंबर १८७३ मध्ये शेवटचा हप्ता चुकता होऊन जर्मन फौज निघून गेली. जमिनीचे दुःख मात्र उतरले नाही. पॅरिसच्या कॉन्कॉर्द चौकात फ्रेंच शहरांचे पुतळे आहेत. त्यातल्या, आल्सेसमधल्या स्ट्रासबुर्गच्या पुतळ्यावर लोक काळे कापड आणि पुष्पचक्रे वाहत राहिले, ते थेट पहिले महायुद्ध संपेपर्यंत.

फ्रेंच बोलणारे मेट्झ घ्यावे का, याबद्दल बिस्मार्कच्याच मनात शंका होती. पण सेनापतींना किल्ला हवा होता आणि या वेळी तो त्यांना आडवा गेला नाही. १८७० मधला सेदानचा पराभव फ्रान्स तसाही विसरणार नाही, मग निदान तटबंदी तरी हाती असू द्या, असा त्याचा युक्तिवाद होता. केनिगग्रेट्झ विसरायला ऑस्ट्रियाला तेरा वर्षेही लागली नाहीत, हे उत्तर पुढे त्याच्याच कारकिर्दीने दिले. हे आज मागे वळून सुचलेले शहाणपणही नाही. आउगुस्ट बेबेल आणि विल्हेल्म लीबक्नेख्त यांनी तेव्हाच संसदेत या जोडणीला विरोध केला आणि पुढे तुरुंग भोगला. मुलूख घेतलात तर फ्रान्सला रशियाच्या कुशीत ढकलाल, असे मार्क्सने सप्टेंबर १८७० मध्येच लंडनहून बजावले होते.

समजा, बिस्मार्कने फक्त पैसे घेतले असते. १८७३ नंतर फ्रान्सकडे अपमानाची आठवण उरली असती, मागण्यासारखे काही उरले नसते. १८८४-८५ मध्ये, आल्सेसची जखम ओली असतानाही, फ्रान्सचा पंतप्रधान ज्यूल फेरी आणि बिस्मार्क वसाहतींच्या प्रश्नावर जवळ आले होते. घरच्या विरोधकांनी फेरीला बिस्मार्कचा माणूस ठरवले. ती जखमच नसती तर या आरोपाला धार कुठून आली असती? प्रजासत्ताक फ्रान्सला झारशी हातमिळवणी करायची एवढी निकड भासली नसती, आणि रशियाशी झालेला १८९४ चा करार नसता तर दोन आघाड्यांच्या धास्तीने आखलेली, बेल्जियममधून फ्रान्सवर चालून जाण्याची जर्मन योजनाही बहुधा जन्मली नसती.

फ्रेंच आणि जर्मन गळ्यात गळे घालून नांदले असते, असा माझा दावा नाही. बाल्कनमधली आग कदाचित लागलीच असती. पण ती पुणे डिव्हिजनला मेसोपोटेमियात घेऊन गेली असती का, असा प्रश्न मला सतत पडतो. कुतच्या वेढ्यात उपासमार सोसून एप्रिल १९१६ मध्ये शरण गेलेल्या त्या फौजेत मराठा पलटणी होत्या. साताऱ्याच्या कित्येक गावांत महायुद्धाला गेलेल्या आणि न परतलेल्या माणसांचा आकडा कोरलेल्या शिळा आजही भिंतीत आहेत. स्ट्रासबुर्ग कुठे आहे, हे त्या माणसांना कोणी सांगितलेही नसेल.

१९१९ मध्ये फ्रान्सने व्हर्सायच्या त्याच आरसेमहालात हिशेब चुकता केला, जिथे १८७१ मध्ये जर्मन साम्राज्याची घोषणा झाली होती. पुढचे सर्वांना माहीत आहे. कमी माहीत आहे ती रॉबेर शुमानची गोष्ट. लॉरेनमध्ये फ्रेंच म्हणून जन्मलेले त्याचे वडील १८७१ च्या तहाने जर्मन प्रजाजन झाले. तो स्वतः जर्मन नागरिक म्हणून जन्मला, मेट्झमध्ये वकिली करू लागला आणि तिशी ओलांडल्यावर फ्रेंच झाला. ९ मे १९५० रोजी फ्रान्सचा परराष्ट्रमंत्री म्हणून, दोन्ही देशांचा कोळसा आणि पोलाद एका सामायिक संस्थेच्या हाती सोपवावे, हा प्रस्ताव त्यानेच मांडला. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्सने जर्मनीपासून वेगळा काढलेला कोळशाचा सार प्रांत, १९५५ मध्ये तिथल्या लोकांनी दिलेला कौल मानून, १९५७ च्या पहिल्या दिवशी जर्मनीला परत मिळाला. १८७१ मध्ये आल्सेसच्या लोकांना कोणी विचारलेही नव्हते.

पुढच्या पानांत आमचे लेखक इतर तहांकडे वळले आहेत. काहींची मते माझ्या उलट आहेत आणि ती तशीच छापली आहेत. आपलेही मत जरूर कळवा.