जुन्या जर्मन नाण्याची किंमत आणि त्याचे मोल

१/ 'घरात हे जर्मन नाणे असेल तर तुम्ही लखपती!' असे मथळे इतिहासप्रेमींच्या वर्तुळांत अधूनमधून फिरत असतात. खालच्या प्रतिसादांत प्रश्न एकच असतो: 'याचे किती मिळतील?' हा धागा त्या प्रश्नाविरुद्ध आहे. संग्राहक मोजतो ती किंमत आणि नाण्याचे ऐतिहासिक मोल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुष्कळदा त्या एकमेकींकडे पाठ करून उभ्या असतात.

२/ आधी किंमत कशी ठरते ते पाहू. वयाने ती ठरत नाही. नाणी किती पाडली, त्यांतली किती उरली, झीज किती झाली, टाकसाळ कोणती आणि ते नाणे हवे असणारे किती, यांवर ती ठरते. जर्मन साम्राज्याच्या नाण्यांवर टाकसाळीचे अक्षर असते: 'ए' बर्लिनचे, 'डी' म्युनिकचे, 'जे' हॅम्बुर्गचे. वर्ष तेच, मूल्य तेच. तरी या एका अक्षराने किमतीत मोठा फरक पडू शकतो.

३/ उदाहरण घ्या. १९१७ साली ल्यूथरच्या धर्मसुधारणेला ४०० वर्षे झाली. त्या निमित्ताने सॅक्सनीतील टाकसाळीने ल्यूथरचा आश्रयदाता, 'सुज्ञ' फ्रीडरिख, याची प्रतिमा असलेली ३ मार्कांची चांदीची नाणी पाडली. संख्या अवघी १००. आज संग्राहक या नाण्यासाठी जीव टाकतात. पण नुकत्याच सरलेल्या हिवाळ्यात जर्मन शहरे बटाट्याऐवजी सलगमावर जगत होती. त्या उपासमारीविषयी हे नाणे काय सांगते? काहीच नाही. १०० नाण्यांनी बाजार चालत नसतो.

४/ याउलट १८८८ पाहा. एका वर्षात जर्मनीने तीन सम्राट पाहिले. मधला फ्रीडरिख तिसरा ९९ दिवसांत कर्करोगाने गेला. त्याची नाणी लोकांनी आठवण म्हणून जपून ठेवली. जपली म्हणूनच ती मुबलक उरली, आणि मुबलक उरली म्हणून बाजारात त्यांचे फारसे कौतुक नाही. असंख्य घरांनी पाळलेला एक शोक बाजाराच्या हिशेबात 'सामान्य' ठरला!

५/ १९२३ चे २०० मार्कांचे नाणे ॲल्युमिनियमचे आहे, वजन १ ग्रॅम. महायुद्धापूर्वी डॉलरला ४.२ मार्क पडत. नोव्हेंबर १९२३ मध्ये ४.२ लाख कोटी. आयुष्यभराची बचत धुळीस मिळालेल्या मध्यमवर्गाची ही साक्ष आज किरकोळ रकमेत मिळते. कारण साधे आहे: ती कोट्यवधींनी पाडली गेली.

६/ आता आपल्या जवळचे नाणे. जर्मन पूर्व आफ्रिकेत, म्हणजे मुख्यतः आजच्या टांझानियात, चलनाचे नाव होते 'रुपी'. भारतीय व्यापाऱ्यांमुळे त्या किनाऱ्यावर आपला रुपया आधीच रुळला होता. जर्मनांनी त्याच वजनाचे, ११.६६ ग्रॅमचे, चांदीचे नाणे पाडले. त्यावर शिरस्त्राण घातलेला कैसर विल्हेल्म दुसरा दिसतो.

७/ या वसाहतीचे सर्वांत गाजलेले नाणे म्हणजे १९१६ चे सोन्याचे १५ रुपी. ब्रिटिश नाकेबंदीमुळे जर्मनीहून नाणी येईनात, तेव्हा ती ताबोरा येथील रेल्वेच्या कारखान्यात पाडली गेली. एका बाजूला गरुड, दुसऱ्या बाजूला हत्ती. संख्या सुमारे १६,०००. लिलावात त्याला मोठी बोली लागते आणि वर्णनांत 'साहस', 'जिद्द', 'शर्थ' असे शब्द हमखास येतात.

८/ त्याच वसाहतीचा १ हेलरचा तांबूस नाणेतुकडा मात्र किरकोळ समजला जातो. १०० हेलरचा १ रुपी. एका बाजूला मुकुट, वसाहतीचे नाव आणि साल. पण या चलनव्यवस्थेच्या पाठीशी झोपडीकर होता. कर भरायचा तर पैसा हवा, पैसा हवा तर मजुरीला जुंपून घ्या. त्यात कापसाच्या सक्तीच्या लागवडीची भर पडली. १९०५ मध्ये 'माजी माजी' उठाव पेटला. तो चिरडताना जर्मन सैन्याने पिके व गावे जाळली. दुष्काळासह मृतांचे अंदाज ७५,००० पासून ३ लाखांपर्यंत जातात. हत्तीचे सोने बहुतेकांनी पाहिलेही नसेल. हेलर मात्र हातोहात फिरत होता.

९/ यावर आक्षेप ठरलेला: 'संग्राहक नसते तर ही नाणी वितळून गेली असती.' मान्य. टाकसाळींचे आकडे आणि नाण्यांचे प्रकार संग्राहकांनी चिकाटीने नोंदवले. ते ऋण इतिहासाच्या विद्यार्थ्याने नाकारू नये. पण रक्षण करणे वेगळे आणि महत्त्व ठरवणे वेगळे. खजिनदाराला इतिहासकाराच्या आसनावर बसवण्याचे कारण नाही.

१०/ हा केवळ शब्दांचा वाद नाही. 'किती मिळतील' या घाईत लोक नाणे चिंच-मिठाने चकचकीत घासतात. पृष्ठभाग जातो आणि संग्राहकही तोंड फिरवतो. त्याहून मोठी हानी वेगळीच. नाणे कुठे सापडले, कोणाबरोबर समुद्र ओलांडून आले, कोणत्या डबीत कशासोबत होते, ही माहिती विक्रीबरोबर पुसली जाते. नाणे उरते, साक्ष मरते.

११/ म्हणून मित्रहो, आजोबांच्या पेटीत असा तांबूस तुकडा निघाला तर बाजारभाव शोधण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा: हे कोणी आणले, कुठून, केव्हा? उत्तर तारखेसह लिहून नाण्यासोबत ठेवा. मग विकायचे तर खुशाल विका. किंमत उद्याही कळेल; सांगणारे उद्या असतीलच असे नाही.