छोटू कोणाच्या पटावर?

आमच्या शाळेच्या हजेरीपटावर सलग गैरहजर राहिलेल्या मुलाच्या नावापुढे लाल शाईने खूण करतात. दिवाळीच्या सुटीनंतर माझ्या आठवीच्या वर्गात अशा तीन खुणा झाल्या. तिघांपैकी एकाचे गणित सगळ्या वर्गात चांगले. पालकांना निरोप धाडले, कोणी आले नाही. म्हणून एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी स्वतःच बसस्टँडमागच्या गॅरेजवर गेले. गणितवाला एका मोटारसायकलच्या चेनला ब्रश मारत बसला होता. मला पाहताच त्याने काळे झालेले हात पाठीमागे लपवले.

उस्तादांनी स्टूल पुसून दिले, चहा मागवला. चहा आणायला तोच गेला. "टीचर, फिकर नक्को करो," उस्ताद म्हणाले, "दसवी करके भी आखिर मेरे पासच आते ना? हाथ में हुनर आया तो आदमी कब्बी भूका नइ मरता."

मी तीन प्रश्न विचारले. पगार किती? "अबी सीखरा है ना, पगार काहे का?" किती दिवसांत शिकेल? "वो तो उसके ऊपर है." आणि शिकल्यावर त्याला काय लिहून द्याल? उस्ताद मोठ्याने हसले. "लिखके? मैं खुद अंगूठा लगाता टीचर!"

हे तीन प्रश्न मी आता आपल्यासमोर ठेवते आहे, कारण त्यांची उत्तरे एकट्या उस्तादांनी द्यायची नाहीत.

आधी एक कबुली. गॅरेजला नाक मुरडण्याचा मला अधिकार नाही. माझ्या थोरल्या भावाने सातवीत शाळा सोडून पाना हाती घेतला आणि त्याच कमाईवर माझे बी.एड. झाले. मोहल्ल्यात कोणतीही गाडी बंद पडली की आवाज ऐकून तो रोग सांगतो. फी न घेता, फॉर्म न भरता, जात-धर्म न विचारता हजारो मुलांना पोटाला लावणारी ही उस्ताद-शागिर्दाची परंपरा नसती, तर आपल्या वस्त्यांचे काय झाले असते, याची कल्पना करवत नाही. पण ज्या परंपरेचे आपण खातो, तिला प्रश्न विचारायचेच नाहीत, असे थोडेच आहे?

मुस्लिम मुलांच्या शिक्षणाची चर्चा निघाली की वर्तमानपत्रांपासून आपल्या बैठकांपर्यंत एकच शब्द ऐकू येतो: मदरसा. कोणी तो सुधारायला निघतो, कोणी वाचवायला. न्या. राजिंदर सच्चर समितीने नोव्हेंबर २००६ मध्ये अहवाल दिला. मदरशात शिकणारी मुस्लिम मुले जेमतेम चार टक्के, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. त्याच अहवालात दुसरा आकडा होता. ६ ते १४ वयाच्या मुस्लिम मुलांपैकी २५ टक्के मुले एकतर कधी शाळेत गेलीच नव्हती किंवा मधूनच बाहेर पडली होती. चार टक्क्यांवर आपण आणि आपले विरोधक वर्षानुवर्षे भांडत आलो. पंचवीस टक्के मात्र गॅरेजात, वेल्डिंगच्या दुकानात, भिवंडी-मालेगावच्या मागांवर, बेकरीच्या भट्टीपुढे निमूट उभे होते. त्यांच्यासाठी मोर्चा निघाल्याचे मी तरी पाहिले नाही. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला खरा, पण त्याचे छत्र चौदाव्या वर्षी, आठवीच्या उंबरठ्यावर संपते. माझ्या वर्गातल्या लाल खुणा नेमक्या तिथेच पडतात.

गॅरेजात हा मुलगा काय शिकतो? पहिले वर्ष चहा, झाडू आणि 'दस-बारा का पाना दे'. दुसऱ्या वर्षी चाक, चेन, ऑइल. इंजिन उघडायला कधी मिळेल, हे उस्तादांच्या मर्जीवर. काही उस्ताद मुलासारखे शिकवतात. त्यांचे ऋण शब्दांत फिटणार नाही. काही मात्र कामाची शेवटची किल्ली स्वतःच्या खिशातच ठेवतात, कारण शागिर्द पुरता तयार झाला की समोरच दुकान टाकेल ही भीती. बोट चिरडले तर दवाखाना कोणाचा, हे ठरलेले नसते. आणि तपासणीला साहेब आले की दुकानातला प्रत्येक छोटू उस्तादांचा भाचा होतो.

आपण घर भाड्याने घेताना करारपत्र करतो. निकाहला गवाह लागतात, कागद लागतो. पण पोटचा मुलगा परक्याच्या हाती देताना आपण फक्त एक वाक्य बोलतो, "चमडी आपकी, हड्डी हमारी." वर त्याला मजहबची शाल पांघरतो. हजरत दाऊद चिलखते बनवीत, हजरत झकरिया सुतारकाम करीत, असे वाजात ऐकून आपण माना डोलावतो. हुनराची इज्जत होती म्हणूनच तर विचारते, तेरा वर्षांच्या पोराकडून फुकट चहा वाहून घेणे हे कोणते हुनर?

सरकारकडे पाहावे तर तिथे छोटू दिसतच नाही. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा. २०१९ च्या नियमदुरुस्तीनुसार तीस किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेला उमेदवार घेणे सक्तीचे, चारपासून पुढे ऐच्छिक. पाचवी ते नववी शिकलेल्यालाही महिना पाच हजार रुपये विद्यावेतन त्यात ठरले. छान! पण आमच्या बसस्टँडमागे एक उस्ताद, एक कारागीर आणि एक छोटू, अशी तीन माणसांची आस्थापना आहे. कायद्याची पहिली पायरीच चारची. १७ सप्टेंबर २०२३ ला 'पीएम विश्वकर्मा' योजना आली. तीत सुतार, लोहार, कुंभार, शिंपी, न्हावी असे अठरा धंदे आहेत. त्या यादीत मोटार मेकॅनिक नाही, यंत्रमाग चालवणारा नाही, फ्रीज दुरुस्त करणारा नाही. थोडक्यात, शाळेच्या लेखी हा मुलगा 'गळती', कायद्याच्या लेखी कोणीच नाही आणि जनगणनेत उद्या तो 'अकुशल'!

मग आम्ही शिक्षक कुठे आहोत? ऑक्टोबर १९३७ मध्ये आपल्या वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली. हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणणारा अभ्यासक्रम तयार करायला समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते जामिया मिल्लियाचे डॉ. झाकिर हुसेन. म्हणजे हात आणि पुस्तक यांची सोयरीक जुळवण्याची जबाबदारी या देशाने एका मुस्लिम शिक्षकावर टाकली होती. बी.एड.च्या परीक्षेत मी यावर दहा मार्कांचे उत्तर लिहिले आणि चांगले मार्क मिळवले. त्या अख्ख्या वर्षात मी एकदाही स्क्रू ड्रायव्हर हाती धरला नाही. माझ्या वर्गात गुणोत्तर शिकवताना मी आंबे आणि पेन्सिली वाटते. इंजिनात पेट्रोल आणि ऑइल कोणत्या प्रमाणात घालायचे, हे ज्याला घरी ऐकून ठाऊक आहे, त्याला माझे आंबे पोरकट वाटले तर दोष कोणाचा?

कोणी म्हणेल, चालले आहे ते चालू द्या, पिढ्यान्‌पिढ्या असेच चालले. पण आता ते चालणार नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम आले. नव्या दुचाक्यांतून कार्बोरेटर गेला, फ्युएल इंजेक्शन आले, सेन्सर आले. रोग आता कानाला ऐकू येत नाही. स्कॅनर लावून इंग्रजीतला कोड वाचावा लागतो. माझा भाऊ गेल्या वर्षी एका कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये काम मागायला गेला. त्यांनी दहावीची मार्कशीट आणि आयटीआयचा दाखला मागितला. पंचवीस वर्षांचा अनुभव खिशातून काढून दाखवता येत नाही. आखातात जायचे म्हटले तरी तेच. १९८३ च्या कायद्याखाली दहावी पास नसलेल्याचा पासपोर्ट सहसा ईसीआरचा, म्हणजे अनेक देशांत कामाला जाण्याआधी सरकारी मंजुरीची रांग.

"पण घरात भूक आहे, तिचे काय?" हा आक्षेप मला वर्गात बसलेल्या आयांकडून दरवर्षी ऐकू येतो. भूक खरी आहे. पण जुम्याला मिळणाऱ्या शंभर-दोनशेच्या खर्चीने ती भागत नाही. फुकट राबणारे मूल घराची गरिबी घटवत नाही, आणखी एक पिढी वाढवते.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. चौदाच्या आत पाना हाती देऊ नका. २०१६ च्या दुरुस्तीने कायदाही तेच सांगतो, धंद्यापुरता अपवाद शाळेच्या वेळेनंतर घरच्या धंद्यात मदतीचा. आणि उस्ताद कितीही प्रेमळ असला तरी तो मामा नव्हे. चौदानंतर मुलगा जात असेल तर जाऊ द्या, पण मग हातातले पुस्तक काढून घेऊ नका. जर्मनीत शिकाऊ मुलगा आठवड्यातला एखाद-दुसरा दिवस शाळेत आणि बाकीचे दिवस कामावर असतो. झाकिर साहेब बर्लिनहून शिकून आले होते. त्यांच्या उर्दूभाषक वारसांना एवढे जमू नये?

जमातीने, मशिदीच्या ट्रस्टने, शाळेच्या संचालकांनी एक पानाचा करारनामा छापावा. शिकण्याची मुदत, कामाचे तास, महिन्याचे पैसे, दुखापतीचा खर्च आणि शाळेचे दिवस त्यावर लिहावेत. उस्तादांची, बापाची आणि वर्गशिक्षकाची सही किंवा अंगठा घ्यावा. १७ नंबरचा अर्ज भरून खासगीरीत्या दहावीला बसता येते, राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून उर्दूतही दहावी करता येते. ही माहिती जुम्याच्या नमाजनंतर सांगायला किती वेळ लागतो? उस्तादांच्या अनुभवाची परीक्षा घेऊन दाखला देण्याची सोय २०१५ पासून कौशल्य विकास योजनेत आली. आपल्यातल्या किती जणांनी त्यांना तिथवर नेले? आणि सरकारकडे मागणी करायचीच तर ही करू या, की तीन माणसांचे दुकानही प्रशिक्षणाची जागा म्हणून नोंदवा आणि उस्तादांना मानधन देऊन आमच्या शाळेत शिकवायला बोलवा.

काही उस्ताद म्हणतील, इतके लिहून द्यायचे तर पोरगाच नको. नको तर नको. त्याला शागिर्द हवा होता की नोकर, हे त्या दिवशी सर्वांना कळेल.

घरी येऊन मी हे सगळे भावाला सांगितले. तो हात धूत होता. "बी.एड. में ये सब सिखाए क्या तेरेकू?" त्याने विचारले. मी नाही म्हणाले. "फिर मेरेकू स्कूल में बुला," तो म्हणाला, "मैं सिखातूं. पन मेरेकू बी वो स्कॅनर का अंग्रेजी पढना सिखा."

गणितवाल्याचे नाव अजून पटावर आहे. महिनाअखेर ते कमी करा, असे मला सांगण्यात आले आहे. नाव कापायला दोन थेंब लाल शाई पुरते. कापलेले नाव दुसऱ्या कोणत्या कागदावर लिहायचे, हे मात्र आपण सर्वांनी मिळून ठरवायचे आहे, आणि महिनाअखेर फार दूर नाही.